खिडकीतून शिकलेला काता

भिंगरीच्या खुर्चीत माणूस बसला, की त्याचं तोंड उघडं आणि तिचं चालू. दातांच्या डॉक्टरला ही एक फार मोठी सोय असते बघा. समोरच्याला फार तर 'आ' म्हणता येतं, आणि 'आ'ला कुणी उत्तर धरत नाही. त्या दिवशी सकाळपासून दवाखान्यात जो जो आला, मग तो कीड भरायला आलेला असो की नुसता दात साफ करायला, त्याने एकच गोष्ट ऐकली. आज संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये आमच्या सरांच्या आठवणीचा कार्यक्रम आहे, तुम्ही यायचं, घरच्यांनाही आणायचं, आणि आता चूळ भरा.

तिचं खरं नाव दवाखान्याच्या पाटीवर आहे, पण ते वाचतो कोण! भिंगरी हे नाव सरांनी ठेवलेलं. सातवीत असताना "वळ" म्हटलं, की ही गर्रकन पूर्ण फिरून होती तिथेच परत यायची आणि वर तोंड करून विचारायची, "झालं ना, सर?" आता वय शेचाळीस, केसांना रंग लागतो, पण शाळेतलं कुणी रस्त्यात भेटलं की अजून "काय गं भिंगरे!" म्हणूनच हाक मारतं, आणि हिला त्याचा कोण आनंद!

सर सकाळी वर्गात भूगोल शिकवायचे आणि संध्याकाळी हॉलमध्ये कराटे. आवाज दोन्हीकडे तोच, आणि खरं सांगायचं तर विषयही तोच. डावं-उजवं हे शब्द सरांना मान्यच नव्हते. "डावं-उजवं माणसागणिक बदलतं, पूर्व कुणाच्या बापाची बदलत नाही," असं म्हणायचे. त्यामुळे हॉलमध्ये "उत्तरेला लाथ! नैर्ऋत्येला कोपर!" असा गजर चालायचा, आणि ज्याला दिशा कळत नसत त्याचं नाक फुटायचं. भूगोलात त्या शाळेचं कधी कुणी नापास झालं नाही, ते यामुळे. भिंगरी अजूनही पेशंटला सांगते, "जबडा जरा पश्चिमेला घ्या." नवे पेशंट घाबरतात, जुने बिनबोभाट घेतात.

सर कराटे कुठे शिकले, हे त्यांनी कधी लपवलं नाही. तरुणपणी ते मोठ्या शहरात शिक्षकाचं शिक्षण घेत होते. कॉलेजसमोर अरुंद गल्ली, आणि गल्लीपलीकडे कराट्याचा नामांकित वर्ग. सरांचा तास बालमानसशास्त्राचा, आणि बाक खिडकीपाशी. "माझं बालमानसशास्त्र कच्चं राहिलं, म्हणून मी तुम्हाला मारतो," असं ते हसत हसत सांगत. दोन वर्षं त्या खिडकीतून बघून बघून त्यांनी आख्खा काता उचलला. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्यानेच हवेतल्या शत्रूशी करायची मारामारी. सरांना एकच काता येत होता, आणि तो त्यांनी चाळीस वर्षं निम्म्या गावाला शिकवला.

त्या कात्यात एक जागा होती, 'कंबर' नावाची. पश्चिमेला वळून कोपर मारलं, की दोन्ही मुठी खाली कमरेशी आणायच्या, पायजम्याची पट्टी घट्ट धरायची, जोरात वर खेचायची, आणि खेचता खेचता चवड्यांवर एक छोटी उडी. हुप्! मग पुढची लाथ. सर ओरडायचे "कंबर!" आणि साठ पोरं एकदम हुप् करायची. हॉलच्या खिडक्या थरथरायच्या.

का करायचं, असं कुणीच विचारलं नाही. सरांनी शिकवलं म्हणजे असणार काहीतरी. सगळ्यात जुना शिष्य वायरमन, त्याने तर यावर सिद्धांतच मांडला होता. पृथ्वीची शक्ती तळव्यांतून वर येते, ती मुठींनी बेंबीपाशी गोळा करायची, आणि उडीने तिचं सर्किट पूर्ण करायचं. खांबावर चढण्याआधी वायरमन कंबर करायचा. एकीने नोकरीच्या मुलाखतीत खुर्चीवर बसण्याआधी केली आणि नोकरी मिळवली. आणि भिंगरी अक्कलदाढ काढण्याआधी एकदा करतेच. खोटं कशाला बोला, दाढ येते.

सरांना जाऊन वर्ष झालं होतं. कार्यक्रम वायरमनने ठरवला, आणि त्याने एक कमालच केली. ज्या वर्गात सरांनी खिडकीतून डोकावलं, त्याच वर्गाचे आत्ताचे प्रमुख, सत्तरी पार केलेले एक गुरुजी, त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं. आणि ते येतो म्हणाले!

हे कळलं तेव्हा भिंगरी दवाखान्यातच नाचली होती. कारण सांगते. सरांच्या पाठीमागे आयुष्यभर एक टोमणा लागलेला. दुसऱ्या वर्गांची माणसं म्हणायची, "यांचं काय, खिडकीतलं कराटे!" सर हसण्यावारी न्यायचे. पण काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, ते झोंबायचं. सर गेल्यावर एकदा भिंगरीचा हात धरून काकू म्हणाल्या होत्या, "त्या आतल्या माणसांपैकी कुणीतरी एकदा म्हणायला हवं गं, की यांचं खरं होतं म्हणून. मग माझं काही म्हणणं नाही." आणि भिंगरीने छातीला हात लावून सांगितलं होतं, "काकू, ते मी म्हणवून घेईन." आता तो आतला माणूस स्वतःच्या पायांनी चालत येत होता. आणखी काय हवं?

दुपारी वायरमन पाहुण्यांना घेऊन थेट दवाखान्यातच हजर. पाहुण्यांचा गाल सुजून टम्म झालेला.

"प्रवासात दाढ दुखायला लागली यांची," वायरमन म्हणाला. "भिंगरे, संध्याकाळपर्यंत माणूस उभा कर. मी चाललो, हॉलमध्ये तालीम आहे." आणि गेला.

भिंगरीने आत बघितलं. दाढ नुसत्या नावाला उभी होती, पार खिळखिळी. "काका, ही काढावी लागेल. भूल देते, काही कळणार नाही." पाहुण्यांनी निमूट आ केला. सुई टोचली. भूल चढेपर्यंत बसायचं होतं, आणि इथे पहिल्यांदाच भिंगरीला पेशंट भेटला जो तिच्याहून बडबड्या निघाला.

"तुमच्या सरांनी आमच्या खिडकीतून बघितलं म्हणे," ते म्हणाले. "म्हणजे आमच्या मोठ्या गुरुजींच्या वेळी. मी तेव्हा पोरगाच होतो, दुसऱ्या रांगेत. काय माणूस होता तो! एका हाताने मला उचलून खुंटीला टांगलं असतं. फक्त एकच भानगड होती." आणि ते खुदकन हसले.

"कसली भानगड?" भिंगरीने हौसेने विचारलं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

"पायजमा! पोट सुटलेलं, आणि नाडी कधी टिकायचीच नाही. नवा शिवून घ्या म्हटलं तर ऐकत नसत. मग काता चालू असला ना, की मधे एका ठिकाणी वळून कोपर मारायचे, आणि पायजमा निघालाच खाली! मग काय, दोन्ही मुठींनी धरायचा, वर खेचायचा, आणि नीट बसावा म्हणून एक उडी. हुप्! रोज! त्याच जागी! आम्ही गाल आतून चावत उभे. जो हसला तो संध्याकाळभर जोर काढायचा." बोलता बोलता त्यांची जीभ जड व्हायला लागली. "गुरुजी गेले. आता आमचा काता एकदम श्वच्छ आहे. एक हालचाल जाश्त नाही..."

भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालं.

कंबर! पृथ्वीची शक्ती! बेंबीपाशी गोळा! चाळीस वर्षं निम्म्या गावाने एका ढेरपोट्या माणसाचा सुटलेला पायजमा भक्तिभावाने वर ओढला होता. तिला आधी असं हसू फुटलं की तिने मास्क वर ओढून घेतला. आणि त्याच क्षणी तिला कार्यक्रम आठवला. संध्याकाळी साठ माणसं या पाहुण्यांसमोर एकदम हुप् करणार. हे खो खो हसणार. मग माईक हातात घेऊन सगळ्या हॉलला सांगणार का हसलो ते. आणि काकू पहिल्या रांगेत बसणार!

दाढ तर काढायचीच होती. सवयीने तिचे दोन्ही हात कमरेशी गेले, मुठी वळल्या, आणि तशीच ती अर्ध्यात थबकली. पाहुण्यांचे डोळे मिटलेले होते म्हणून निभावलं. दाढ कंबरेशिवायच आली, आणि तेही तिला मेलं मनाला लागलंच.

"काका, हा कापसाचा बोळा घट्ट चावून धरायचा. आणि संध्याकाळभर एक अक्षर बोलायचं नाही. अजिबात नाही. हसायचंसुद्धा नाही," तिने दरडावलं. हा उपचार कुठल्याही पुस्तकात नाही, पण करते काय! पाहुण्यांना शेजारच्या खोलीत आडवं करून, दवाखान्याचं दार नुसतं लोटून ती हॉलकडे पळत सुटली.

हॉलमध्ये तालीम रंगात आली होती. पुढे शाळेतली आत्ताची मुलं, मागे चाळिशी-पन्नाशीतली जुनी. पांढरे पोशाख कपाटातून काढलेले, कुणाचं बटण लागत नव्हतं, कुणाला वाकवत नव्हतं, पण चेहरे सगळ्यांचे सातवीतले. काकू खुर्च्या पुसत होत्या. भिंगरीला बघून म्हणाल्या, "आले का गं ते? कसे आहेत? चांगले आहेत ना?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाल्या, "चांगलेच असणार. मला मेलं कालपासून धड जेवणसुद्धा जात नाहीये."

आता या बाईला काय सांगणार? भिंगरीने वायरमनला कोपऱ्यात ओढलं.

"दादा, आज कंबर गाळायची."

"काय?"

"गाळायची. कोपर मारलं की सरळ लाथ. मधलं काही नको."

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तो कात्याचा आत्मा आहे!"

"आत्म्याला आज सुट्टी दे. लोकांचे गुडघे बघ. उड्या मारून कुणी मोडून पडलं तर?"

गुडघ्यांचं वायरमनला पटलं, कारण त्याचेच दोन्ही कुरकुरत होते. त्याने घोषणा केली. सगळ्यांनी कुरकुर केली. आणि तालीम सुरू झाली.

काय सांगू तुम्हाला! कोपरापर्यंत सगळं झकास. तिथून पुढे जे झालं त्याला दंगल म्हणतात. निम्म्यांनी कंबर गाळली, निम्म्यांच्या अंगाने ऐकलंच नाही, काहींनी नुसतीच उडी मारली, आणि ज्यांनी लाथ मारली ती उडी मारणाऱ्यांना बसली. एक बँकवाली एका बेकरीवाल्यावर कोसळली. वायरमन स्वतः मुठी कमरेला लावून उभाच राहिला, तारेला चिकटल्यासारखा. चाळीस वर्षं अंगात मुरलेली गोष्ट अशी गुडघ्याच्या निमित्ताने जाते होय? पुढची मुलं हसून हसून जमिनीवर लोळत होती.

"काय चाललंय काय हे?" काकू खुर्ची पुसायचं फडकं घेऊन तरातरा आल्या. "कंबर कुठे गेली? यांनी शिकवलेलं यांच्याच कार्यक्रमाला बदलता? भिंगरे, हे तुझं डोकं ना?"

भिंगरीने मान खाली घातली, आणि कंबर परत आली. झालं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. एकच आशा उरली होती, कापसाचा बोळा. तो जोवर पाहुण्यांच्या तोंडात आहे तोवर ते हसतील, पण बोलणार नाहीत. हसलेच तर आपण म्हणू, दाढ दुखतेय बिचाऱ्यांची.

संध्याकाळी हॉल गच्च भरला. सकाळचे दाताचे पेशंटसुद्धा घरच्यांना घेऊन आले होते, कीड भरलेले, चूळ भरलेले, सगळे. पहिल्या रांगेत पाहुणे, गाल सुजलेला, तोंड घट्ट मिटलेलं. शेजारी काकू, नवी साडी, हात मांडीवर घट्ट धरलेले. भिंगरी मागच्या ओळीत पांढऱ्या पोशाखात उभी होती आणि तिचं अर्धं लक्ष पाहुण्यांच्या गालाकडे होतं.

काता सुरू झाला. उत्तर. पूर्व. दक्षिणेला वळसा. साठ जणांचे पाय एकदम वाजत होते, आणि भीतीच्या मारे असूनही भिंगरीला अंगावर काटा येईल इतकं बरं वाटत होतं. सर असते तर "नैर्ऋत्य झोपलीय, उठवा तिला!" असं नक्की ओरडले असते. पश्चिम आली. कोपर. भिंगरीने श्वास रोखला, आणि मग तिचं तिलाच वाटलं, जाऊ दे! व्हायचं ते होऊ दे, पण सरांची कंबर मी अर्धवट करणार नाही. तिने मुठी आवळल्या आणि सगळ्यांत उंच उडी मारली.

हुप्!

पाहुणे ताडकन उभे राहिले. तोंडातून एक विचित्र आवाज आला, हसल्याचा की हुंदक्याचा, देव जाणे. काकूंनी घाबरून भिंगरीकडे बघितलं. काता संपेपर्यंत पाहुणे तसेच उभे, खांदे गदगदा हलतायत, डोळ्यांतून धारा लागलेल्या. शेवटचा नमस्कार झाला. त्यांनी रुमालात कापसाचा बोळा काढून ठेवला, आणि माईकबिईक न घेता, वाकड्या झालेल्या तोंडाने बोलायला लागले. भिंगरीने डोळे मिटून घेतले.

त्यांनी सगळं सांगितलं. पोट, नाडी, पायजमा, गाल आतून चावणं, सगळं. हॉलमध्ये आधी एक जण फिसकन हसला, मग दुसरा, आणि मग जो काही हशा उसळला! वायरमनचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, त्याचं सर्किट तिथल्या तिथे जळालं. भिंगरीने एक डोळा किलकिला करून काकूंकडे बघितलं. काकू हसत नव्हत्या.

"हसा, हसा," पाहुणे म्हणाले. "मीही हसलो. पण ऐका. आम्ही आतले. आम्ही गुरुजींच्या मागे त्यांचा काता स्वच्छ केला. पायजमा काढून टाकला, उडी काढली, आणि त्याबरोबर गुरुजीही निघून गेले, ते आम्हाला कळलंच नाही. इतकी वर्षं मी त्यांना आठवायचा प्रयत्न करतो आणि मला भिंतीवरचा फोटो आठवतो. आज ते इथे आले होते. साठ वेळा आले. अगदी तसेच, ती मान जरा आखडलेली, हनुवटी वर, लोक बघतायत का याची काळजी." ते काकूंकडे वळले आणि हात जोडले. "वहिनी, आमच्यात हे कुणाला जमलं नाही. तुमच्या माणसाने जे बघितलं ते एक कण न गाळता घेतलं. खरं तेच घेतलं. खोटं आम्ही केलं."

काकूंनीही पाहुण्यांना हात जोडले. मग त्या इतक्या जोरात हसल्या, की त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला. "पायजमा!" त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं मी यांचे पायजमे शिवले गं, एकाचीही नाडी कधी सुटू दिली नाही, आणि हे खेचतायत!" मग सगळा हॉल पुन्हा हसला, आणि भिंगरी तर हसता हसता रडायलाच लागली. तिला कुणाची तरी गळाभेट घ्यायची होती, बेकरीवाला जवळ होता म्हणून त्याची घेतली.

"एक विचारायचं राहिलं," हशा जरा ओसरल्यावर पाहुणे म्हणाले. "शेवटी वाकून उभे राहता तेव्हा तुम्ही सगळे वर काय बघता? ते काही आमच्या गुरुजींचं नाही."

"वर? कुठे काय बघितलं?" वायरमन म्हणाला. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीच काही बघितलं नव्हतं.

"पुन्हा करा बरं, फक्त शेवट."

सगळे वाकले, उभे राहिले, आणि साठ माना एकदम वर झाल्या, ईशान्येला, दाराच्या वरच्या कोपऱ्याकडे. जुन्यांच्याही आणि सात-आठ वर्षांच्या पोरांच्याही. तिथे काहीही नव्हतं. रंग दिलेली कोरी भिंत होती. भिंगरीला आपल्या मानेला हात लावून बघावासा वाटला, इतकी ती आपोआप वळली होती.

"ईशान्य दिशेला म्हणजे ऊर्जेचा..." वायरमनने सुरुवात केली.

"गप रे!" काकू म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या होत्या. "घड्याळ होतं तिथे. हॉलला रंग दिला तेव्हा उतरवलं, ते परत लागलंच नाही. ही पोरं जन्मलीसुद्धा नव्हती तेव्हा." त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मग काढला. "लग्न झालं त्या वर्षी मी एकदा चिडून बोलले होते यांना. आठच्या आत घरी आला नाहीत, तर मी जेवायला थांबणार नाही. एकदाच बोलले होते गं. पुन्हा कधी बोलायची वेळच आली नाही. मला वाटायचं, यांचं आपलं सहज आठच्या आत होतं."

काकू हळूहळू चालत दारापाशी गेल्या आणि त्या कोऱ्या भिंतीखाली वळून उभ्या राहिल्या. नवी साडी त्यांनी दोन्ही हातांनी नीट केली.

"हं," त्या म्हणाल्या. "आता करा परत."

सगळे वाकले. आणि उभं राहताना साठ जणांनी वर मान करून काकूंकडे पाहिलं.